आमच्या कागदाच्या स्टोअरमधले घोळ

जेवताना मी फॅक्टरीतलं काही सांगायला लागले की आमचे हे विचारतात, "हे परवाचंच ना?" परवाचं नसतं. पण त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे घोळ इतके होतात आणि एकमेकांत असे मिसळतात, की कुठला कधीचा हे माझं मलाच सांगता येत नाही.

मी शिरवळला, पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळते. वाईहून रोज जाऊन-येऊन करते. कच्चा माल म्हणजे कागदाचे मोठमोठे रील, गमाची पोती आणि शाईचे डबे. कुठला माल किती आहे आणि कुठे आहे, एवढंच मला माहीत असायला हवं. ऐकायला सोपं वाटतं.

*

नवीन होते तेव्हाची गोष्ट. आमचे प्लँट मॅनेजर इनामदार साहेब. त्यांनी एका विशिष्ट रुंदीचा रील आहे का म्हणून विचारलं. कॉम्प्युटरवर दिसत होता, मी आहे म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने मशीनवरून निरोप आला, नाही. मग मीच गोदामात गेले. फोर्कलिफ्ट चालवणारे सलीमभाई मूळचे कोरेगावचे, आमच्याकडचे सगळ्यात जुने. त्यांना विचारलं, नक्की काय ते सांगा, आहे की नाही?

"हाय की मॅडम. पर न्हाई."

रील होता मागच्या भिंतीला टेकून, आणि त्याच्यापुढे छतापर्यंत थप्पी लागलेली. बाहेर काढायचा तर दिवस मोडणार. हे साहेबांना कोणत्या शब्दांत कळवायचं ते मला सुचेना. शेवटी सलीमभाईंचंच वाक्य फोनवर सांगितलं. साहेब "बरं" म्हणाले आणि त्यांनी दुसरा रील लावायला सांगितला. त्यांना जे लगेच कळलं ते मला कळायला बरेच महिने लागले.

*

एकदा भर पावसाळ्यात ऑडिटला पुण्याहून एक बाई आल्या. त्यांनी रील वजन करून घेतले, तर आम्ही विकत घेतला त्यापेक्षा कागद जास्तच भरला. माल कमी भरला तर काय विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं. जास्त भरल्यावर काय विचारायचं, ते नव्हतं. काटा तपासला, पुन्हा वजन केलं. जास्तच. एवढा कागद आला कुठून, म्हणून त्यांनी सलीमभाईंना विचारलं.

"हवेतनं," ते म्हणाले.

ते खरंच सांगत होते. कागद ओल धरतो आणि जड होतो. मी बाईंना नीट समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मग त्याची आवक कुठल्या गेटनं दाखवू?"

*

सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांना बॉक्सवर हळदीचा पिवळा रंग हवा होता. शाई मागवायची तर शेड नक्की ठरायला पाहिजे. शाईचं शेडकार्ड त्यांच्यापुढे धरलं, तर ह्यातला एकबी न्हाई म्हणाले. पुढच्या वेळी नमुना म्हणून त्यांनी हळदीची पुडीच पाठवली. ती मी शाईच्या डब्यांपाशी ठेवली आणि वर मोठ्या अक्षरात 'नमुना' असं लिहिलं.

ते शेड बघायला आले त्या दिवशी पुडी गायब. सगळी रॅक उपसली. त्यांना खरं सांगायची हिंमत होईना, म्हणून आधी जेवायला कॅन्टीनमध्ये नेलं. दोन घास खाऊन ते थांबले आणि ताटातल्या पिठल्याकडे बघत राहिले.

"आवं, ह्योच की आमचा पिवळा," ते खूश होऊन म्हणाले.

शाईवाल्याला काय पाठवायचं ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा मी डब्यात घालून पिठलंच पाठवलं होतं.

*

आधी आलेला रील आधी वापरायचा, हा इनामदार साहेबांचा कडक नियम. एकदा ते पुण्याला मीटिंगमध्ये असताना त्यांना कळलं की जुना रील तसाच पडून आहे. त्यांनी फोन केला. मी सुट्टीवर होते, म्हणून स्टोअरमधल्या धुमाळअण्णांनी घेतला. रील का काढला नाही, असं साहेबांनी विचारलं.

"त्याच्यामागं बाळंतीण हाय साहेब. हलवता येत न्हाई."

साहेबांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने गेटवर अँब्युलन्स आली. मागोमाग एचआरच्या मॅडम, हातात चादर आणि गरम पाण्याचा थर्मास. अण्णा त्यांना अदबीने रीलपाशी घेऊन गेले. मागे मांजर होतं आणि त्याची पिल्लं. मॅडमनी अण्णांकडे बघितलं, अँब्युलन्सकडे बघितलं, आणि मग आणलेली चादर पिल्लांखाली घातली.

*

आणि हा शेवटचा. खंडेनवमीनंतर स्टॉक मोजताना एक अर्धवट वापरलेला रील सापडेना. गेटवर नोंद नाही, मशीनवर गेलेला नाही. कंबरेएवढा, दोघातिघांनी लोळवल्याशिवाय न हलणारा. आम्ही सगळं गोदाम पालथं घातलं. पुढे कुजबुज सुरू झाली की रील हलवायची फोर्कलिफ्ट एकाच माणसाच्या हातात, सलीमभाईंच्या. त्यांच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण ते आमच्यात चहाला यायचे बंद झाले. एकटेच फोर्कलिफ्टवर बसून डबा खायचे. एवढ्या वर्षांच्या माणसाशी काय बोलावं तेच मला समजत नव्हतं.

साहेबांनी चौकशी लावली. कॉन्फरन्स रूममध्ये साहेब, मी आणि समोर सलीमभाई उभे. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. खंडेनवमीच्या पूजेला ऑफिसातल्या पोरांनी ज्या गोल टेबलावर देव मांडले होते, ते पांढऱ्या चादरीसकट अजून तिथेच होतं. साहेबांनी चहाचा कप त्यावर ठेवला, दोन्ही कोपरं टेकवली आणि म्हणाले, "सलीम, एवढा मोठा रील. जाईल कुठं?"

सलीमभाई बराच वेळ खाली बघत होते. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. मग ते वाकले, चादरीची कड थोडी वर केली. खाली तपकिरी कागद दिसला, आणि त्यावर आमच्या स्टोअरचा स्टिकर. त्यांनी चादर सोडली आणि ते सरळ उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "तेवढा कप उचला."