भोग्याच्या अक्का

आमच्या येलहंक्याच्या घरात वरच्या मजल्यावर इतकी वर्षं राहून अक्कांनी भिंतीत एक खिळा ठोकला नाही. कॅलेंडर खुर्चीच्या पाठीला टेकवलेलं, देवांच्या तसबिरी फळीवर ओळीने उभ्या, आरसा खिडकीच्या गजाला बांधलेला. मी एकदा म्हटलं, ठोका की एखादा, कोण विचारतंय. त्या म्हणाल्या, "घर माझ्याकडे ठेवलंय, मला दिलं नाही." आईला हे वाक्य इतकं आवडलं की ती आल्यागेल्याला ते ऐकवायची, आणि त्याला जोडून मी शाळेत असताना पोस्टरसाठी खिळे ठोकून हॉलचा गिलावा कसा पाडला तेही सांगायची. माझ्या जळफळाटाची सुरुवात तिथूनच धरायला हरकत नाही.

बंगळुरात ज्यांनी घर शोधलंय त्यांना 'लीज'चे बोर्ड माहीत असतील. जुनी कन्नड माणसं त्याला भोग्य म्हणतात. राहायला येणारा मालकाला एकदम मोठी रक्कम देतो आणि ती परत मिळेपर्यंत घरात राहतो. पैशाला व्याज नाही, घराला भाडं नाही. मालकाने पैसे परत केले की घर सोडायचं. तोवर त्याला कुणी हलवायचं नाही. बाबा सोलापूरचे, ते म्हणायचे, आपल्याकडचं ताबेगहाण ते हेच. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. घर बांधता बांधता त्यांचे हात रिकामे झाले आणि नेमका तेव्हाच मला खासगी कॉलेजात इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. म्हणून वरचा मजला भोग्याला दिला. अक्का दुसऱ्या एका कारखान्यातून मुदतीआधी निवृत्त झालेल्या, एकट्या, लग्न न केलेल्या. हाती आलेली सगळी पुंजी त्यांनी आमच्या घरावर लावली, आणि तिच्यातून माझी फी भरली गेली. हे त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. त्या काढत नाहीत म्हणून आई काढायची.

अक्का कन्नड. मराठी त्या आईकडून शिकल्या, आणि शिकल्या ती थेट आईचीच मराठी. तोच हेल, तेच "मेलं काही सुचत नाही बघ", तोच वाक्याच्या शेवटी लांबवलेला "गं". मला इतक्या वर्षांत तो हेल जमला नाही. माझं बोलणं बाबांसारखं तुटक, असं आईच म्हणते. लग्नानंतर मी बंगळुरातच हेब्बाळला राहायला गेले. एकदा नवऱ्याशी कडाक्याचं भांडून आईला फोन लावला आणि पलीकडून "बोल गं" ऐकल्याबरोबर सगळं ओकून टाकलं, सासूसकट. पलीकडून मधे मधे बरोबर तेवढंच "हं" येत होतं. शेवटी आवाज म्हणाला, "जाऊ दे मेलं. आधी स्वल्प जेवून घे." आई थोडं म्हणते, कन्नड स्वल्प म्हणत नाही. आई अंघोळीला गेली होती आणि फोन अक्कांनी उचलला होता. राग त्यांनी ऐकलं याचा नव्हता. मला बरं वाटलं होतं, त्याचा राग होता.

बाबा गेले आणि मग तर बघायलाच नको. सकाळची कॉफी अक्कांची वरून खाली यायची, संध्याकाळची आईची खालून वर जायची. दोघींची कढीपत्त्याची झाडं एक झाली, डॉक्टर एक झाला, भाजीवाला एक झाला. आईला चक्कर आली तर मला दोन दिवसांनी कळायचं. विचारलं की उत्तर ठरलेलं, अक्का होत्या ना. दिवाळीत मी खपून चकल्या करून नेल्या. आईने एक मोडली, खाल्ली, छान झाल्यात म्हणाली आणि डबा बंद केला. अक्कांच्या चकल्यांचा डबा मात्र तिच्या उशापाशी उघडाच होता. आमच्या हेब्बाळच्या फ्लॅटवर बँकेचं कर्ज आहे, त्याची कागदपत्रं बँकेच्या तिजोरीत आहेत. त्या बँकेने आजवर आमच्याकडे चकल्या पाठवून कुणाला फितवलेलं नाही.

आईला मी माझ्याकडे राहायला बोलवत होते. तिच्यासाठी तळ्याच्या बाजूची खोली ठेवली होती, पडदेही तिच्या आवडीचे लावले होते. ती दर वेळी एकच सांगायची, "अक्कांचे पैसे द्यायचेत. लोकांचं देणं डोक्यावर असताना घराला कुलूप घालून कशी येऊ?" कागदाची मुदत संपली की दोघी खालच्या हॉलमध्ये बसायच्या, नव्या स्टॅम्प पेपरवर पुढची तीन वर्षं लिहून व्हायची, आणि मग पापड तळले जायचे. देणेकरी आणि घेणेकरी पापड खात बसल्यात असं दृश्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. माझ्या नवऱ्याने, तो पुण्याचा, ऑफिसच्या ओळखीतल्या एका वकिलाला कागद दाखवला. वकील म्हणाला, नोंदणी नाही, कोर्टात याला फारसा अर्थ नाही. मी हे आईला जाऊन सांगितलं. कागदाला अर्थ नसेल तर नसू दे, मी आहे ना, असं म्हणून ती उठली आणि त्या दिवशी मला जेवायलासुद्धा थांब म्हणाली नाही.

तेव्हा मी ठरवलं की भांडायचंच नाही. देणंच फेडून टाकायचं. आईचं कारण संपेल, घर मोकळं होईल आणि आई माझी होईल. दोन बोनस आणि सोन्याच्या बांगड्या यांत ते जमलं. मी सरळ वरच्या मजल्यावर गेले आणि अक्कांच्या हातात चेक ठेवला. त्यांनी चष्मा लावला, चेक वाचला, चष्मा काढला.

"वहिनींना विचारलंस?" आईला त्या वहिनी म्हणत.

"विचारायचं काय त्यात? घेतलेले परत करायचेच ना."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. चेकची घडी घालत म्हणाल्या, "मग मला घर सोडायला पाहिजे."

थांबा, असं मी म्हणायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. मी नाही म्हटलं. मला तेच हवं होतं. महिन्याच्या आत आनेकलहून त्यांचा भाऊ टेम्पो घेऊन आला. जाताना अक्कांनी वरच्या दोन्ही खोल्या धुऊन काढल्या, उंबऱ्याबाहेर रांगोळी घातली आणि किल्ल्या आईला न देता माझ्या हातात दिल्या. तोंडाने मात्र आईशीच बोलत होत्या, गॅस बंद केलाय, टाकी परवाच धुतलीय. आई गेटाशी उभी होती. टेम्पो वळला तरी ती आत येईना.

संध्याकाळी मी तिची बॅग भरायला घेतली. आई पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "पैसे माझ्याकडेही होते गं. बाबांच्या फंडातले. कधीचे ठेवलेत बँकेत."

मी हातातली साडी खाली ठेवली. मग दिले का नाहीस, असं विचारलं.

"दिले असते तर त्या गेल्या असत्या."

आई माझ्याकडे आली. तळं बघितलं, पडद्यांना छान म्हणाली, नातवाचे लाड केले, आणि दिवाळीपर्यंत कशीबशी राहिली. पाडव्याला तिने मला गाडी काढायला लावली. उत्तरेकडून दक्षिणेकडे अख्खं शहर ओलांडून आम्ही आनेकलला गेलो. अक्कांच्या भावाच्या घरात, अक्कांच्या खोलीला लागून एक खोली रिकामी होती. आईने फंडाच्या ठेवीची रक्कम भावाला दिली आणि ती खोली भोग्याला घेतली. कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी. पापड अक्कांनी तळले आणि मला म्हणाल्या, "घे गं, स्वल्प खा." मी खाल्ले. चांगले होते, हे कबूल करताना आजही पोटात दुखतं.

त्यानंतर मी आईकडे रविवारची पाहुणी झाले. दोघी शेजारी शेजारी बसून लसूण सोलायच्या आणि मला समोरची खुर्ची मिळायची. एखादी गोष्ट मी सांगायला घ्यावी तर तिचा शेवट दोघींना ठाऊक असायचा. आई तिथे जाडजूड झाली, हसरी झाली, गोळ्या वेळेवर घेऊ लागली. मुलीने खूश व्हावं असंच सगळं होतं. मी घरी येऊन नवऱ्यावर खेकसायची.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. सकाळची कॉफी करताना पडल्या, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मी रडले, आणि खरी रडले. फोनवर पहिल्यांदा "जेवून घे" म्हणालेला तो आवाज आठवून रडले. पण मला ठाऊक आहे, रडतानाच माझं मन हेब्बाळच्या खोलीतल्या चादरी बदलत होतं.

दिवसकार्य झाल्यावर मी आईला न्यायला गेले. अक्कांचा भाऊ फार सज्जन माणूस. त्याने आपण होऊन पैशांची सोय केली होती. आई एकटी पडली, लेकीकडे जाईल, आपल्यामुळे तिचं अडायला नको, असा त्याचा विचार. तो चेक घेऊन आला आणि दोन्ही हातांनी त्याने तो आईपुढे धरला. आई जमिनीवर बसली होती. तिने हात पदराखाली घेतले. तो मुळात हळवा, त्याला वाटलं रक्कम कमी वाटली की काय. तो समजावू लागला, अम्मा, पूर्ण आहेत, बघून घ्या. आई त्याच्याशी कन्नडमधून बोलली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"बरोबर असतील, अण्णा. पण घेतले तर मला इथून जावं लागेल."

त्याने चेक खिशात घातला आणि तो बाहेर गेला. आता पुढच्या तीन वर्षांचा कागद झालाय आणि साक्षीदार पुन्हा मीच आहे. येलहंक्याच्या घरावर कुणाचं काही देणं नाही, दोन्ही मजल्यांना कुलूप आहे. आई आनेकलला अक्कांच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसते. अक्का जिवंत होत्या तेव्हा निदान पैसे देऊन त्यांना हलवता तरी आलं होतं.