बिनदगडे मिस्त्री आणि अर्धी वीट

मिस्त्रींचं खरं आडनाव आता पोस्टमनच्याही लक्षात नाही. पाकिटावर 'श्री. बिनदगडे' एवढंच लिहिलं तरी ते बरोबर त्या चढावरच्या गॅरेजात येऊन पडतं. एकदा एका लग्नाची पत्रिका त्याच नावाने आली, आणि मिस्त्री त्याच नावाने जेवूनही आले.

नाव उगीच पडलेलं नव्हतं. गॅरेजसमोरचा रस्ता चांगलाच उभा. तिथे गाडी थांबवली की कुणीही आधी चाकामागे लावायला दगड शोधतो. मिस्त्रींनी तो कधी शोधला नाही. हॅन्डब्रेक आपणच दुरुस्त करायचा आणि वर चाकाला दगड लावायचा, म्हणजे आपल्याच कामाला आपणच नावं ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. तरुणपणी एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "मिस्त्री, या ब्रेकची खात्री काय?" तोंडाने कुणीही देईल खात्री. मिस्त्रींनी हातातला चहाचा कप तसाच घेतला आणि गाडीच्या मागे, उताराच्या बाजूला, बंपरला पोटऱ्या टेकवून उभे राहिले. गाडीकडे पाठ करून. गिऱ्हाइकाला म्हणाले, "गिअर काढा, हॅन्डब्रेक ओढा आणि पाय उचला." चहा संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

तेव्हापासून ती पद्धतच पडली. हॅन्डब्रेकची केबल बसवणाऱ्याने मागे उभं राहायचं. पाठ का करायची, असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तोंड गाडीकडे केलं की माणूस पळायच्या तयारीत उभा राहतो. मग ती खात्री कसली?"

अशा माणसाची एकुलती एक मुलगी चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची नोकरी करत होती. दिवसभर लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची. दोन महिन्यांपूर्वी तिने बापालाच त्या खुर्चीत बसवलं. उजव्या डोळ्याने सगळ्यात वरचं, तळहाताएवढं अक्षर त्यांनी वाचलं, तेही मान वाकडी करून. डावा डोळा उघडा ठेवून उजवा झाकला, तेव्हा त्यांनी अगदी सहज विचारलं, "तक्ता कुठल्या भिंतीवर आहे म्हणालीस?"

ती हसली. मग पडद्यामागे जाऊन रडली. कडेकडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही, आणि कुठल्याही चष्म्याने हे सुधारणार नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं. आणि हे गृहस्थ रोज गाडीखाली झोपत होते, तिच्यापासून लपवून.

गॅरेज बंद करण्यावरून घरात आठवडाभर धुसफूस झाली. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "एक काम तुझ्यासमोर करतो. एक जरी चूक झाली तर गॅरेजची किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देईन. नाही झाली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"आणि चूक झाली की नाही, ते ठरवणार कोण?"

"चहा संपेपर्यंत उभा राहिलो की कळेलच."

तिने कबूल केलं आणि रात्रभर पस्तावली.

काम आलं ते नर्सबाईंच्या गाडीचं. बदामी रंगाची, गोल डोळ्यांची जुनी गाडी; तिचे भाग बनवणारा कारखाना बंद पडून जमाना झाला. नर्सबाईंनी याच गाडीतून घरोघर जाऊन बाळंतपणं केली होती. आता त्या निवृत्त आणि गाडीही जवळजवळ निवृत्त. पण गेल्या महिन्यात ती त्यांच्या दारातून आपणहून चार हात मागे घरंगळली आणि कुंपणाला टेकली. केबलच्या तारा झिजून शेवटच्या दोन-तीन उरल्या होत्या. नवी केबल कुठून कुठून पत्र पाठवून मिळवली, आणि रविवारी सकाळी मुलीच्या सुट्टीचं निमित्त साधून काम निघालं.

मागची बाजू उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवून ठेवली, चाकं काढली, तेव्हा मिस्त्रींनी तिच्या हातात बॅटरी दिली.

"तुम्हाला कुठे धरू?"

"मला कशाला? तुला भीती वाटायला नको म्हणून दिली."

तीही त्यांच्या शेजारी पाठीवर आडवी झाली. त्यांचे डोळे चक्क मिटलेले होते. बोटं मात्र चालत होती. हॅन्डब्रेकपासून आलेल्या सळईच्या टोकाला तो तुकडा असतो, जो ओढ दोन्ही चाकांना सारखी वाटून देतो. तिथल्या नटावर बोट ठेवून ते म्हणाले, "अकरा आटे बाहेर आहेत. लक्षात ठेव." तिने बॅटरी मारून मोजले. अकराच होते. ब्रेकच्या ड्रमच्या आत लायनरमागे, जिथे तिला बॅटरी असूनही नुसता काळोख दिसत होता, तिथून त्यांनी करंगळीने केबलचं टोक आकड्यातून सोडवलं. गंजलेली पकड अशी हळूच चिमटीत दाबली की ती कुरकुरलीही नाही. जुनी आणि नवी केबल जमिनीवर शेजारी ठेवून त्यांनी तळवा फिरवला. "ही नवी नखभर लांब आहे. चालेल. नटावर भागेल."

मुलीने आयुष्यात हजारो डोळे पाहिले होते. कुठला किती अधू आहे ते ती आकड्यात सांगू शकत होती. पण या माणसाला किती दिसतं, ते सांगायला तिच्याकडे आकडाच नव्हता. लहानपणापासून ती हे हात काळे, खरखरीत म्हणून ओळखत होती. ते इतके हुशार आहेत हे तिला आज कळलं आणि तिला स्वतःची लाजच वाटली.

दुपारपर्यंत चाकं चढली. नर्सबाईंनी गाडी बाहेर चढावर नेली. मिस्त्रींनी चहा मागवला.

आणि इथे मुलीची पाचावर धारण बसली. खाली रस्ता थेट दगडी भिंतीपर्यंत उतरत गेलेला. वडील कप घेऊन मागे गेले, पाठ फिरवून उभे राहिले. तिने इकडेतिकडे पाहिलं, गॅरेजच्या दाराशी पडलेली अर्धी वीट उचलली आणि पावलांचा आवाज न करता पुढच्या चाकामागे घट्ट सरकवली. नर्सबाईंनी आरशातून पाहिलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. बाळंतपणं करणाऱ्या बाईला गप्प कधी बसायचं ते कळतं.

हॅन्डब्रेक ओढला गेला. पाय उचलला गेला. मिस्त्रींनी एक घोटही घेतला नाही.

"दगड काढ."

"कसला दगड, बाबा?"

"पाय उचलला की गाडी बोटभर मागे बसते आणि मग थांबते. पोटऱ्यांना कळतं. ही बसलीच नाही. काढ."

कोवळ्या पोरीसारखी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत तिने वीट काढली. गाडी बोटभर मागे बसली आणि थांबली. मिस्त्री चहा पिऊ लागले, भुरके मारत, नेहमीपेक्षाही सावकाश. तिला त्या प्रत्येक भुरक्याचा राग येत होता. शेवटी त्यांनी कप उलटा करून दाखवला. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. मुलगी पैज हरली होती आणि हरल्याच्या आनंदात तिचे डोळे भरून आले होते. आता विषय कायमचा बंद. काय बिघडतं? असे हात असल्यावर डोळे कशाला हवेत?

नर्सबाईंनी निघायला म्हणून पाय ब्रेकवर ठेवला आणि हॅन्डब्रेक सोडला. मिस्त्रींनी मान वाकडी केली.

"बाई, पुन्हा ओढा." त्यांनी ओढला. "सोडा. परत ओढा."

मुलीला खटखट आवाजापलीकडे काही ऐकू आलं नाही. मिस्त्री मात्र खाली बसले, पुन्हा उठले, आणि खिशातून गॅरेजची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"चूक झाली."

"अहो, गाडी थांबली ना! मी पाहिलं ना!"

"आज थांबली. दोन महिने थांबेल. डावीकडे केबल सायलेन्सरच्या पाइपाला घासतेय. मी ती पाइपापासून लांब धरणाऱ्या कडीच्या आतून घ्यायला हवी होती, बाहेरून घेतली. पाइप तापेल, आवरण जळेल आणि एक दिवस बाईंच्या दारातून गाडी सुटेल. तेव्हा मागे मी उभा नसेन, कुणाचं तरी पोर खेळत असेल."

ती तशीच चांगल्या कपड्यांनिशी गाडीखाली सरकली. पहिल्यांदा तिला काही दिसलं नाही. बॅटरी जवळ नेली तेव्हा दिसलं: केबल पाइपावर जेमतेम टेकलेली, आणि पाइपाच्या गंजावर केसाएवढी ताजी चकचकीत रेघ. तिची नजर उत्तम, चष्माही नाही. सकाळपासून ती त्या केबलकडे बॅटरी मारून बघत होती. आणि हे त्या माणसाने रस्त्यात उभं राहून नुसतं ऐकलं होतं.

पण तिला खरं गदगदून आलं ते याने नाही. त्यांना गप्प बसता आलं असतं. जगात कुणालाही कळलं नसतं. पैज जिंकलेली होती, टाळ्या वाजून झाल्या होत्या. सगळं आयुष्य ज्या गॅरेजात घातलं, त्याची किल्ली त्यांनी एका घासण्याच्या आवाजासाठी देऊन टाकली, आणि चेहऱ्यावर एक रेघसुद्धा हलली नाही. आपला बाप केवढा मोठा माणूस आहे, हे तिला गाडीखाली, गंजाची पूड डोळ्यात जात असताना समजलं.

ती बाहेर आली. "मग करा ना नीट. पाना देते."

"नाही. किल्ली दिली म्हणजे पाना पण दिला." ते स्टुलावर बसले. "बाईंना घरी जायचंय. तू कर. मी सांगतो."

पुढचे दोन तास कसे गेले ते तिलाच ठाऊक. ते स्टुलावरून सांगत होते आणि ती खालून ओरडत होती. "नट कुठल्या बाजूला फिरवतेयस? आवाज उलटा येतोय." "बाबा, बोट अडकलं!" "बोट काढ, केबल राहू दे." नर्सबाई मध्येच वाकून म्हणाल्या, "जोर लाव गं, अजून थोडा," आणि मग स्वतःच हसत सुटल्या. कडीतून आत घेतलेली केबल शेवटी जागेवर बसली. पाइपापासून चांगली तीन बोटं लांब. तिने बोटं घालून मोजली.

गाडी पुन्हा चढावर उभी राहिली. कुणी काही सांगितलं नाही. तिने चहाचा कप घेतला, मागे गेली आणि बंपरला पोटऱ्या टेकवून गाडीकडे पाठ केली.

समोर उतार, उताराखाली ती भिंत. पाठीला काहीच नाही, पोटऱ्यांना नुसती लोखंडाची गार कड. इतकी वर्षं, इतक्या गाड्यांमागे, बाबा रोज इथे असे उभे होते, आणि संध्याकाळी घरी येऊन तिच्या वेण्या घालत होते.

हॅन्डब्रेकची खटखट ऐकू आली. पाच खटके. नर्सबाईंनी पाय उचलला.

काहीच झालं नाही. बंपर होता तिथेच होता.

मग मागे न बघता ती म्हणाली, "बाबा, दगड काढा."

"कुठला दगड?"

"गाडी मागे बसली नाही."

मग मागून बाबांचे गुडघे कटकटल्याचा आवाज आला, आणि रस्त्यावरून वीट घासत ओढल्याचा. बंपर बोटभर मागे बसला, तिच्या पोटऱ्यांवर दाबला आणि थांबला.

तिने चहा प्यायला. सावकाश. दुसऱ्या हाताला खिशातली किल्ली लागत होती.

"दर रविवारी किती वाजता उघडायचं?" तिने विचारलं.

"नऊला," मिस्त्री म्हणाले. "आणि विटेचं बाहेर कुठे बोलू नकोस."