तपकिरी बाटलीतली कण्हेर

लातूर नवा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले. नळाला पाणी यायचं तेवढं राहिलं. त्या दुष्काळात आमच्या गल्लीतल्या शांतम्माची पांढरी कण्हेर वाळायला लागली. उदगीरच्या माहेरून आणलेलं झाड. माहेरात आता कुणी उरलं नव्हतं, हे झाड तेवढं होतं. रोजच्या लिंगपूजेला त्याचंच फूल. पण टँकर आठ दिवसांनी, त्यातही झोंबाझोंबी. झाडाला घागर कोण ओतणार?

शांतम्मानं जीव उरलेल्या सहा फांद्या कापल्या आणि शरबताच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी घालून खोवल्या. काच पांढरी. उन्हानं पाणी हिरवं झालं, तीन देठ सडले.

भंगारवाला देविदास म्हणाला, "मावशी, मुळीला अंधार लागतो. बिअरची तपकिरी बाटली घ्या. साहेब लोकांच्या कृपेनं लई हायत माझ्याकडं."

झालं! खिडकीत तीन बाटल्या रांगेनं उभ्या राहिल्या. नवरा गुरुबसप्पा म्हणजे किराणा दुकानदार, मठाच्या कमिटीवरचा माणूस. चहाशिवाय तोंडाला काही लागलेलं नाही.

"रोज एक का, गुरुबसप्पा?" शेजारच्या जगदेवीनं ओट्यावरून विचारलं. "का तिन्ही एकदमच?"

गुरुबसप्पा घरात येऊन कडाडला, "काढ त्या! सोमवारी स्वामी यायलेत पूजेला. इज्जत जाईल."

"जाऊ द्या. इज्जत परत येती. कण्हेर येत न्हाई."

सोमवारी त्यानंच बाटल्या ज्वारीच्या कणगीमागं लपवल्या, वर पोतं टाकलं. स्वामी आले, तांब्याभर पाण्यात पाय धुऊन झाले, पाटावर बसले आणि त्यांनी फूल मागितलं. बाजारात फूल होतं कुठं? शांतम्मा उठली, कणगीमागं गेली आणि बाटलीच घेऊन आली. शेंड्याला एक पांढरं फूल उमललं होतं. गुरुबसप्पानं डोळे मिटले, भक्तीनं नव्हे.

स्वामींनी फूल खुडलं. मग बाटली उजेडाला धरली. आत पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता.

"मुळ्या फुटल्या की, अव्वा! मठातली कण्हेर पार जळाली. ही देता का?"

शांतम्मानं आधी उरलेल्या दोन बाटल्या तपासल्या. तिथंही दोरे दिसले, तेव्हा कुठं म्हणाली, "न्या की. पण बाटलीसकट न्या, मुळी उघडी पडू देऊ नका."

भर बाजारातून स्वामी बिअरची बाटली काखेत धरून निघाले. पुढं गुरुबसप्पा, दिसेल त्याला सांगत, "पाणी हाय हो आत, नुसतं पाणी!"

आणि त्या वर्षी लातुरात एवढी एकच गोष्ट कुणाला पटणारी नव्हती.