उषाबाईंचा मांड्यांचा वर्ग

मी साताऱ्याकडची. पुरणपोळी पोळपाटावर लाटायची, तव्यावर टाकायची आणि तुपाबरोबर खायची. यात उभं राहून बघण्यासारखं काही असतं असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. लग्न होऊन सुरतेत लिंबायतला आले आणि पहिल्याच वर्षी शेजारच्या उषाबाईंना मांडा करताना पाहिलं. साडीला लावायच्या लेसचा गुंडा माझ्या हातातून कधी गळून पडला ते मला कळलं नाही.

मांडा म्हणजे खानदेशातली पुरणपोळी. ती तव्यावर नाही, खापरावर भाजतात. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मोठं मातीचं भांडं. उषाबाई पुरण भरलेला गोळा जरासा थापून हातावर घ्यायच्या आणि या हातावरून त्या हातावर खेळवायला लागायच्या. गोळा वाढत जायचा. तळव्याएवढा होता तो मनगटापर्यंत यायचा, मनगटावरून कोपरापर्यंत. पोळपाट नाही, लाटणं नाही. शेवटी तो इतका पातळ व्हायचा की खालच्या बांगड्यांचा हिरवा रंग वर दिसायचा, आणि पुरण मात्र काठापर्यंत सारखं. मग कमरेतून किंचित वाकून एका झोक्यात तो खापरावर. एक सुरकुती पडायची नाही. मी तोंडात बोट घालून बघत राहिले, आणि सासूबाई मला शोधत दारात आल्या तरी हलले नाही.

या उषाबाई पारोळ्याकडच्या. त्यांचे यजमान पंडितआप्पा, सगळा जन्म लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, गेलेला. त्या खडखडाटात कान जातात, तसे त्यांचेही गेले. लूमवर कारागीर एकमेकांशी हातांच्या खुणांनी बोलतात. आप्पांनी ती बोली घरी आणली आणि उषाबाई ती शिकल्या. नवराबायकोचं भांडणसुद्धा हातांनी चालायचं. भिंतीला भिंत लागून असून आम्हाला त्यातलं काहीही ऐकू येत नसे, याचं मला फार वाईट वाटायचं.

गल्लीतल्या पोरांना मांडे फक्त खाता येतात, हे लक्षात आल्यावर उषाबाईंनी रविवारचा वर्ग काढला. आमच्या गल्लीची वाडी आहे, म्हणजे लग्नकार्याचा हॉल आणि मागे फरशीचं अंगण. तिथे सकाळी लहान मुलं यायची. ती भाकरी थापायची, आणि त्या भाकरीत जगातल्या सगळ्या देशांचे नकाशे दिसायचे. मग कॉलेजातली मुलंमुली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि शेवभाजी शिकायची. शेवटी मोठी माणसं. त्यांत नव्या सुना असत, आणि बायकामुलं गावी ठेवून खोलीत एकटे राहणारे लूमवरचे बाप्येही असत. उषाबाई कोणालाही हसायच्या नाहीत. हसायचं काम मी करत असे. लूमवरून आलेला धिप्पाड गडी मेथीची जुडी मांडीवर घेऊन एकेक पान निवडतो आहे, हे बघून हसू येतंच, पण तोच गडी पुढच्या रविवारी स्वतः केलेली भाजी डब्यात घेऊन आला की सगळ्यांत आधी वाटी मीच पुढे करायची.

यंदा संक्रांतीनंतर उषाबाईंना लकवा झाला. उजवा पाय जरासा ओढत चालायला लागल्या, पण उजवा हात गेला तो गेलाच. जीभ वाचली. हे त्यांचं नशीब की आमचं, असं मी थट्टेनं म्हटलं तेव्हा त्या अर्ध्या तोंडानं हसल्या. होळीनंतर त्यांनी वर्ग पुन्हा सुरू केला, खुर्चीत बसून. भाकरी, भाजी तोंडी सांगून जमू लागलं. मांड्यांचं मात्र जमेना. आधी त्या करून दाखवायच्या आणि बघून बघून हात बसायचा. आता त्या सांगायच्या, सैल सोड, फिरव, आता थांब. आणि 'थांब' हा शब्द कानावर पडेपर्यंत कणीक फाटून पुरण विस्तवात पडलेलं असायचं. दर रविवारी वाडीभर जळक्या गुळाचा वास सुटायचा.

आणि आखाजी जवळ आली. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि तिचं कौतुक दिवाळीपेक्षा कांकणभर जास्तच असतं. त्या दिवशी पितरांची घागर भरायची, मांडे आणि आमरसाचं पान वाढायचं. दरवर्षी उषाबाईंचा वर्ग आख्ख्या गल्लीसाठी मांडे करायचा. महिला मंडळाच्या प्रभावतीबाईंनी या वेळी केटररला सांगावं असं सुचवलं. बाई मनानं वाईट नाही. पंगतीला पान रिकामं राहू नये एवढीच तिची काळजी होती. उषाबाईंनी आखाजीआधीचा शेवटचा रविवार मागून घेतला. त्या दिवशी वर्गातल्या एकाचा जरी मांडा धड खापरावर पडला, तर केटरर नको. नाही पडला तर केटररला सांगा, आणि वर्गही बंद. मांडा शिकवता येत नसेल तर खुर्ची अडवून बसण्यात अर्थ नाही. हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. घरी गेल्यावर मात्र उषाबाई भिंतीकडे तोंड करून बसतात आणि जेवत नाहीत, असं आप्पांनी मला खुणेनं सांगितलं. ती खूण समजायला लूमवर जावं लागत नाही.

तो रविवार उजाडला. अंगणात चूल पेटली. आप्पा जाळ घालायला बसले होते. वर्गात सगळ्यांत तयार सोनाली, बी.कॉमला शिकणारी. पहिला गोळा तिनं घेतला. मनगटापर्यंत छान आला आणि फाटला. दुसरा फाटला. नव्या सुनांपैकी एकीनं धीर केला, तिचाही फाटला. प्रभावतीबाई मोबाईल हातात घेऊन बसल्या.

मी मात्र आप्पांकडे बघत होते. सोनालीच्या हातावर कणीक असली की फाटायच्या अगोदर, अगदी क्षणभर अगोदर, आप्पांचा हात आपोआप वर उठायचा. ऐकू तर काहीच येत नव्हतं. सगळा जन्म ज्यानं धागा तुटायच्या आत ओळखला, त्याला कणकेचा ताणही दिसत होता. मी उषाबाईंना हे सांगणार, तोवर त्यांच्याही ते लक्षात आलं होतं. त्यांनी डाव्या हातानं आप्पांना खूण केली. आप्पांनी मान हलवून नाही म्हटलं. घरात कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं त्या माणसानं. उषाबाईंनी पुन्हा खूण केली, जरा मोठी. आप्पा उठले, हात धुऊन आले.

मग उषाबाई खुर्चीतून उठायला लागल्या. सोनाली घाईनं पुढे झाली. घाबरली की ती गुजरातीत बोलते. "मासी, रहेवा दो ने. पडी जशो," ती म्हणाली. उषाबाईंनी तिचाच खांदा धरला आणि चुलीपाशी आल्या. निकामी हात पदरात खोचून घेतला. आप्पांच्या डाव्या बाजूला, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि आपला डावा हात पुढे केला. आप्पांनी उजवा केला.

सोनालीनं गोळा उषाबाईंच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो आप्पांच्या हातावर टाकला, आप्पांनी परत त्यांच्या हातावर. सुरुवातीला ते इतकं सावकाश चाललं होतं की मला बघवेना. कणीक दोघांच्या मधे लोंबायला लागली. आप्पांनी हात थोडा उचलला, उषाबाईंनी थोडा सैल सोडला, आणि कणीक सावरली. मग वेग आला. तिच्या हातावरून त्याच्या, त्याच्या हातावरून तिच्या. मांडा मनगटापर्यंत आला, मनगटाच्या पुढे सरकला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. वर्गातली लहान पोरं वाडीत हुंदडत होती तीसुद्धा जवळ येऊन उभी राहिली. तो कोपरापर्यंत आला तेव्हा एका बाजूनं बांगड्यांचा हिरवा रंग दिसत होता आणि दुसऱ्या बाजूनं आप्पांच्या हातावर गोंदलेलं मारुतीचं चित्र. मग दोघं एकाच वेळी वाकली.

मांडा खापरावर पडला. एका बाजूची कड दुमडली होती. फाटला नव्हता.

पोरांनी गलका केला. आप्पांना तो ऐकू गेला नाही, पण सगळ्यांची तोंडं उघडलेली दिसली आणि ते लाजले. उषाबाईंना कौतुक ऐकायला वेळ नव्हता. त्यांनी आप्पांना जाळाकडे बघायला परत पाठवलं, कारण तो मंदावला होता, आणि सोनालीला आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तुना हात दे. उजवा." सोनालीनं दिला. "नुसतं बोलीसन मांडा येस नही. हातले हात सांगस." हाताला हातच सांगतो.

सोनालीचा पहिला काठाशी चिरला. दुसरा पूर्ण पडला. मग त्या सुनेचा. मग एका लूमवाल्या गड्याचा, आणि त्याचा तर सोनालीहून मोठा. केटररचा विषय तिथंच मिटला. प्रभावतीबाईंनी मोबाईल कमरेला खोचला, बांगड्या वर सारल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मी बाजूला उभी राहून बघत होते. मला काय, आमच्याकडे लाटण्यानं करतात.

"ये वं, सातारानी," उषाबाई म्हणाल्या.

मी नको म्हटलं. माझ्यानं नासेल, पुरण वाया जाईल, पुढच्यांना घ्या. त्यांनी हात तसाच पुढे धरून ठेवला. मग मी पदर खोचून त्यांच्या उजवीकडे उभी राहिले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. किती बारीक झाल्या होत्या त्या.

कणीक माझ्या हातावर आली, गार आणि जड. मी ती घाईनं परत टाकली. पुन्हा आली. या वेळी तिच्या पलीकडे काहीतरी होतं. उषाबाई बोलत नव्हत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या, पण त्यांनी सैल सोडलं की माझा हात सैल व्हायचा, त्यांनी थांबवलं की थांबायचा. मला कळायच्या आधी माझ्या हाताला कळत होतं. त्यांचा तो हात, इतकी वर्षं मी दारातून बघितलेला, आता त्या पातळ कणकेच्या पलीकडून माझ्या हाताला धरून चालवत होता. मांडा माझ्या मनगटावर चढला, पुढे सरकला. तो माझ्या हातून होतो आहे यावर माझा विश्वास बसेना.

आम्ही वाकलो. मांडा पडला, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"धूर शे," उषाबाई म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग डावा हात प्रभावतीबाईंच्या पुढे धरला.