अप्पांचं नाक

औरादच्या कॉलेजात मी अल्केन शिकवते. मिथेन, इथेन, आणि स्वयंपाकाच्या गॅसमधले प्रोपेन, ब्युटेन. नुसता कार्बन आणि हायड्रोजन, तिसरं कुणी नाही. गरीब खानदान, आग भेटेपर्यंत कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. हे पोरांच्या डोक्यात शिरतं, पण माझे सासरे म्हणजे अप्पा, तहसीलमधून रिटायर झालेले, त्यांना शिकवायची सोय नव्हती. "आपल्या घरात केमिकल न्हाई," असं ते मेणबत्ती वितळवून केलेलं मलम टाचांच्या भेगांत भरत सांगायचे. मेणसुद्धा त्याच खानदानातलं, हे मी एकदा बोलून पाहिलं. त्यांनी दुसरी टाच पुढे घेतली.

अप्पांना खरा अभिमान नाकाचा. शेजारी कोणती डाळ शिजते, ते हॉलमध्ये बसून सांगायचे. गेल्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात गॅसचा वास सुटला. अप्पांनी निदान केलं, "टाकी संपायला आली की वास येतोच." आणि वास घालवायला त्यांनी चक्क उदबत्ती लावली! मी ती जळती उदबत्ती हिसकावून अंगणात पळाले.

परत येऊन रेग्युलेटर बंद केला, दार सताड उघडलं. "अप्पा, गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून मुद्दाम घालतात तो."

"खिडकी उघडी हाय की. जाईल उडून."

"उडत नाही. हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीवर साचतो."

"ते कॉलेजात शिकव जा."

गॅसवाला आला. त्यानं नळीला साबणाचा फेस लावला, तर भराभर बुडबुडे उठले. नळी बदलली. एवढं होईपर्यंत सासूबाई, आमच्या अव्वा, लायटर हातात धरून ओट्याशीच उभ्या होत्या. मी विचारलं, "अव्वा, इतका वास असताना तुम्ही शेगडी पेटवायला निघालात?"

"त्या मोठ्या तापापासनं मला वासच येत न्हाई गं."

"मग सांगायचं नाही का कुणाला?"

"ह्यांना सांगितलं की. म्हणले, सैपाक काय नाकानं करत्यात व्हय?"

हॉलमध्ये पेपर उलटल्याचा आवाज आला. मला असा संताप आला की मी तोंड धुवायला निघून गेले. ज्यांना वास येत होता ते शेजारच्या डाळी ओळखत बसले होते, आणि रोज गॅस पेटवत होती ती ही बाई.

मग अव्वांनीच एक नियम केला. सकाळी अप्पा विभूती लावून पूजेला बसणार, तेवढ्यात आतून हाक येते, "ओ, नाक घेऊन या इकडं." अप्पा येतात. उभ्यानं हुंगलेलं अव्वांना चालत नाही, गॅस खाली साचतो हे त्यांनी पक्कं ऐकलंय. गुडघे धरून, कण्हत कण्हत, अप्पा टाकीपाशी फरशीला नाक लावतात.

"न्हाई. वास न्हाई."

अव्वा लायटर तसाच धरून ठेवतात. "नीट बघा. परत एकदा."