बाबांची उरलेली शिक्षा

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक दफनभूमीत प्रार्थनेला जातो. त्या प्रार्थनेने दिवसाला एका मृताची स्वर्गात जाण्याआधी शुद्धिस्थानात भोगायची शिक्षा माफ होते, असं चर्च शिकवतं. आई रोज एकेकासाठी प्रार्थना करायची, पण बाबांच्या कबरीपाशी थांबायची नाही. एका वर्षी शेवटच्या दिवशी तिने शेजारणीच्या सासूचं नाव घेतलं.

“आणि बाबा?” मी विचारलं.

“पापाची क्षमा झाली तरी शिक्षा उरते, हे फादरांनीच शिकवलं ना?” ती शांतपणे म्हणाली. “क्षमा मी केव्हाच केली. शिक्षा भोगू दे.”

एवढी दयाळू शिकवण तिला किती नेमकी कळली होती. बाबांनी मोडलेलं तिचं मनगट वाकडंच जुळलं होतं. त्या दिवशी मलाही एकासाठी माफी मागता येत होती. मी ती एका लांबच्या मावशीसाठी मागितली.