शेवटचे चार ठिपके

बसकंपनीत अपघात झाला की कागद आखणीवाल्याकडे यायचा. बसमधल्या यंत्रावरून दर अर्ध्या सेकंदाला गाडी कुठे होती ते काढायचं आणि तिथे ठिपका द्यायचा. ठिपके लांब लांब म्हणजे वेग, जवळ जवळ आले म्हणजे ब्रेक. काम सोपं, पण माणूस महाकिचकट. ठिपका केसभर हलला तरी कागद फाडणारा. बावीस वर्षं हेच करत आला होता.

या खेपेला बस त्याचा धाकटा भाऊ चालवत होता. रस्ता ओलांडणाऱ्या एका शिक्षिकेला धडक बसली होती, तिचा पाय कापावा लागला होता.

"साहेब, हे दुसऱ्या कुणाला द्या," तो म्हणाला.

"दुसरा आहे कोण?" साहेबांनी विचारलं आणि विषय संपला.

ब्रेक मारला होता, असं धाकटा छातीठोकपणे सांगत होता. आखणीवाल्याने घरी बसून ठिपके दिले. सगळे सारख्या अंतरावर, थेट धडकेपर्यंत. पुन्हा मोजले. उठला, पाणी प्यायला, पेन्सिलीला टोक केलं, पुन्हा मोजले. भावाचा राग येत होता आणि कीवही. खिडकीपाशी जाऊन आला, तरी ठिपके जागचे हलले नव्हते.

"अरे, एका पोटचे तुम्ही," आई म्हणाली. "नोकरी जाईल त्याची. शेवटचे ठिपके घे की जरा जवळ. कोण मोजायला बसलंय?"

आणि या पठ्ठ्याने, लाज वाटत असतानाही, नवा कागद घेतला. ब्रेक मारल्यावर पडतील तसे शेवटचे चार ठिपके दाटीने दिले. मग कागदाकडे बघतच राहिला. त्याने धाकट्याला हाक मारली.

"हे आईला हवं असलेलं चित्र. बस इथे थांबते. आता बाई कुठे उभी आहे ते बघ."

धाकट्याने मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "एवढं अंतर?"

"पाच पावलं."

"म्हणजे मी नुसता ब्रेक दाबला असता, तरी..."

"तरी ती चालत घरी गेली असती."

आई आत गेली. धाकट्याला बोट उचलवेना.

"दादा, मी फोनकडे बघत होतो," तो म्हणाला. "मान वर केली तेव्हा ती काचेवर होती. साहेबांना पहिलाच कागद दे."